पायातल्या गाठींमध्ये हर्पीसचं इंजेक्शन: माझा टी-व्हेकचा अनुभव

टी-व्हेक म्हणजे मेलानोमा या कातडीच्या कॅन्सरच्या गाठीत थेट टोचायचं, बदल केलेल्या हर्पीस व्हायरसचं औषध. त्याचं माझं शेवटचं इंजेक्शन 2024 च्या नोव्हेंबरात झालं. सुरू करायच्या आधी मी मराठीत याबद्दल खूप शोधलं होतं आणि सापडलं काय, तर "व्हायरस कॅन्सरला खाऊन टाकतो" छापाचे फॉरवर्ड, नाहीतर एकदम डोक्यावरून जाणारे रिसर्च पेपर. मधलं काहीच नाही. ड्रेसिंग किती दिवस ठेवायचं, ताप किती येतो, घरात गरोदर बाई असेल तर काय करायचं, विमावाले काय काय मागतात, हे कोणी लिहिलेलंच नव्हतं, म्हणून मी लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, आणि माझं झालं तसंच सगळ्यांचं होईल असंही नाही, हे आधीच सांगते.

थोडी आधीची हकीकत. 2022 मध्ये माझ्या उजव्या टाचेवर काळा डाग होता, तो पसरतोय असं वाटलं म्हणून दाखवला, बायोप्सी झाली आणि मेलानोमा निघाला. ॲक्रल मेलानोमा. हा तळपाय, तळहात, नखांखाली होतो आणि उन्हाशी याचा फारसा संबंध नसतो. आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांना मेलानोमा मुळात कमी होतो, पण झालाच तर बऱ्याचदा याच जागी होतो, आणि तळपाय बघतं कोण, त्यामुळे उशिरा कळतो. डाग आणि भोवतालची कातडी काढली, मांडीची कातडी लावली, जांघेतला पहिला लिम्फ नोड (लसिकाग्रंथी) तपासला, तो स्वच्छ होता. वर्षभर सगळं ठीक.

2023 च्या मध्यावर नडगीवर कातडीखाली निळसर-काळ्या, वाटाण्याएवढ्या गाठी यायला लागल्या. याला इन-ट्रान्झिट म्हणतात, म्हणजे मूळ गाठ आणि जांघ यांच्या मधल्या लिम्फच्या वाटेत अडकलेल्या पेशी तिथेच वाढतात. दोन कापून काढल्या तर शेजारी तीन आल्या. बीआरएएफ (BRAF) या जीनमधल्या बदलाची टेस्ट निगेटिव्ह, म्हणजे त्या बदलावर चालणाऱ्या गोळ्यांचा रस्ता बंद. इम्युनोथेरपीची सलाइन काही महिने घेतली, तरी गाठी येतच राहिल्या, फक्त आतले अवयव स्कॅनमध्ये स्वच्छ होते. फेब्रुवारी 2024 मध्ये ट्यूमर बोर्ड (कॅन्सरच्या वेगवेगळ्या डॉक्टरांची एकत्र बैठक) बसलं आणि डॉक्टरांनी पहिल्यांदा टी-व्हेकचं नाव काढलं.

त्यांनी समजावलं ते माझ्या शब्दांत असं. ओठावर जर, म्हणजे पाण्याचे बारीक फोड, येते ना, त्या हर्पीसचाच हा व्हायरस, टाइप 1. त्यातले दोन जीन काढून टाकलेत. एक काढल्यामुळे तो निरोगी पेशीत नीट वाढू शकत नाही, पण कॅन्सरच्या पेशीची व्हायरसला अडवायची यंत्रणा बिघडलेली असते, तिथे तो वाढतो आणि ती पेशी फोडतो. दुसरा काढल्यामुळे प्रतिकारशक्तीपासून लपायची त्याची सोय जाते. आणि वर एक माणसाचा जीन घातलाय, जीएम-सीएसएफ नावाच्या प्रथिनाचा, तो तिथे प्रतिकारशक्तीच्या पेशींना बोलावून घेतो. फुटलेल्या पेशींचे तुकडे या पेशी ओळखायला शिकतात आणि मग शरीरात दुसरीकडे असलेल्या गाठींवरही जातात, निदान जावं अशी अपेक्षा. अमेरिका आणि युरोपात 2015 मध्ये याला मंजुरी मिळाली.

मला ओळखीतल्या बऱ्याच जणांनी नंतर विचारलं की आमच्या काकांना फुप्फुसात आहे, यकृतात आहे, त्यांना चालेल का. तर हे औषध मेलानोमासाठी आहे आणि ते रक्तातून देत नाहीत, थेट गाठीत टोचतात. म्हणजे कातडीवर, कातडीखाली किंवा लिम्फ नोडमध्ये सुई पोचेल अशी गाठ हवी. ज्या मोठ्या चाचणीवर मंजुरी मिळाली त्यात 436 पेशंट होते, आणि टोचलेल्या गाठींपैकी साधारण दोन तृतीयांश गाठी निम्म्यापेक्षा लहान झाल्या, न टोचलेल्या कातडीच्या आणि नोडच्या गाठींपैकी एक तृतीयांश, आणि आतल्या अवयवांतल्या फक्त 15 टक्के. आतला आजार असेल तर यावर फार भिस्त ठेवू नका असंच डॉक्टर सांगतात, आणि ते बरोबर आहे.

आमच्या ह्यांनी सरळ विचारलं, "डॉक्टर, शंभरातल्या किती जणांना फायदा?" ते म्हणाले, त्याच चाचणीत सहा महिने किंवा जास्त टिकणारा परिणाम 16 टक्क्यांना मिळाला होता, तुलनेसाठी नुसतं जीएम-सीएसएफ दिलेल्या गटात 2 टक्क्यांना. "सोळाच?" आमचे हे म्हणाले आणि गप्प झाले. मग डॉक्टरांनी सांगितलं की आजार माझ्यासारखा तिसऱ्या स्टेजचा, पायापुरताच असेल, त्या गटात हे प्रमाण तीनात एक होतं. आकडा ऐकताना आपला गट कुठला ते विचाराच, सरसकट आकड्याने उगाच धीर सुटतो किंवा उगाच हुरूप येतो. इम्युनोथेरपीबरोबर एकत्र द्या ना, हेही मी विचारलं. त्यावर 692 पेशंटची मोठी चाचणी झालीये आणि दोन्ही एकत्र देऊन एकट्या इम्युनोथेरपीपेक्षा ठोस जास्त फायदा दिसला नाही, म्हणून माझ्या बाबतीत एकटं टी-व्हेकच द्यायचं ठरलं.

आणि मग कागद. उपचारापेक्षा मी याला जास्त वैतागले खरं सांगायचं तर. विमा कंपनीकडे अर्ज फेब्रुवारीच्या शेवटी गेला, मार्चच्या मध्यावर नकार. कारण काय, तर "गाठी शस्त्रक्रियेने काढता येतात". माझ्या आधी दोन गाठी काढल्या होत्या ना, त्याचाच अर्थ त्यांनी असा लावला! मग सर्जननी वेगळं पत्र दिलं की आता गाठी इतक्या आणि इतक्या पसरलेल्या आहेत की काढून उपयोग नाही, काढल्या तरी परत येतात, म्हणून हा आजार शस्त्रक्रियेने न काढता येणारा समजावा. हे वाक्य पत्रात असंच्या असं हवं, गोल गोल चालत नाही. सोबत स्टेज पूर्ण लिहिलेली, आधीच्या प्रत्येक उपचाराची सुरू-बंद तारीख, आणि पायाचे मोजपट्टी ठेवून काढलेले फोटो. फोटो घरीच काढले, त्याच खिडकीशी, तोच कोन, शेजारी पट्टी. ही सवय पुढे फार कामाला आली. मंजुरी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आली.

मंजुरीचं पत्र नीट वाचा. आमच्या पत्रात औषध मंजूर होतं पण टोचण्याची प्रोसिजर नव्हती, त्याचा अर्ज वेगळा करावा लागला. आणि मंजुरी सहाच महिन्यांची होती. खर्चात औषध हाच डोंगर, बाकी सगळं त्यापुढे किरकोळ. एक बाटली एक मिलिलिटरची असते, एका वेळेला जास्तीत जास्त चार मिलिलिटर देतात, आणि फोडलेल्या बाटलीतलं उरलेलं फेकूनच द्यावं लागतं. म्हणून बिलात किती बाटल्या लावल्यात ते आणि त्या दिवशी किती मिलिलिटर टोचलं ते जुळवून बघायचं. आमच्या एका बिलात एक बाटली जास्त लागली होती, फोन केल्यावर निमूट कमी केली. ड्रेसिंगचं सामान, ग्लोव्ह्ज, येणं-जाणं हे मात्र आपल्या खिशातून.

मंजुरी हातात आल्याशिवाय फार्मसी औषध मागवत नाही, कारण ते उणे 70 ते उणे 90 डिग्रीच्या फ्रीझरमध्ये ठेवावं लागतं. शिवाय जनुकीय बदल केलेला व्हायरस म्हणून हॉस्पिटलच्या सेफ्टी कमिटीची परवानगी लागली. तुमचं हॉस्पिटल हे पहिल्यांदाच देणार असेल तर हा वेळ धरून चाला.

इंजेक्शनच्या आधी रक्ततपासणी झाली आणि सिस्टरनी मोठी प्रश्नावली घेतली. ओठावर जर येते का, स्टिरॉइड चालू आहेत का, प्रतिकारशक्ती कमी करणारं काही औषध, एचआयव्ही, ल्युकेमिया असं काही. असायक्लोव्हिर घेता का हे खास विचारलं. ते हर्पीसचं औषध आहे, या व्हायरसवरही चालतं, म्हणजे काही बिघडलं तर उपाय आहे पण उगाच घेतलं तर आपलाच उपचार मारला जाईल. मग प्रश्न आला, घरी कोण कोण असतं? आमच्या सुनेला तेव्हा पाचवा महिना होता आणि आम्ही सगळे एकाच घरात.

सिस्टर म्हणाल्या, एका घरात राहायला हरकत नाही. पण सुनेने ड्रेसिंगला, वापरलेल्या बँडेजला, पायाला लागलेल्या चादरीला हात लावायचा नाही. टॉवेल वेगळा. ड्रेसिंग मी स्वतः किंवा ह्यांनी बदलायचं, ग्लोव्ह्ज घालून, आणि जुनं ड्रेसिंग बंद प्लास्टिकच्या पिशवीत घालून मगच कचऱ्यात टाकायचं. सून घरी ऐकून म्हणाली, "आई, तुम्ही काळजी करू नका, मी तुमच्या खोलीतला पसारा आता हक्काने आवरणार नाही." हसलो सगळे, पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

पहिलं इंजेक्शन एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. सकाळी पोचलो तरी बसून राहावं लागतं कारण बाटल्या फ्रीझरमधून काढून साध्या तापमानाला वितळवतात, अर्धा-एक तास जातो. डॉक्टर गाठी बघून, मोजून, मगच बाटल्या बाहेर काढायला सांगतात, कारण एकदा वितळलं की परत गोठवता येत नाही. गाठी कॅलिपरने मोजल्या, माझ्या पायाचा नकाशा कागदावर काढून प्रत्येक गाठीला नंबर दिला. पहिल्या वेळी मोठ्या गाठी आधी. कुठल्या गाठीला किती हेही मापावर ठरलेलं असतं, अर्धा ते दीड सेंटीमीटरच्या गाठीला जास्तीत जास्त अर्धा मिलिलिटर, अडीच-पाचवालीला दोन. मधे औषध संपलं की बारक्या गाठी तशाच राहतात.

सिस्टर आणि डॉक्टर दोघं गाऊन, ग्लोव्ह्ज, गॉगल घालून आले तेव्हा जरा धसका बसला, हे स्वतःला इतकं झाकून घेतात ते माझ्या अंगात सोडणार! भूल गाठीच्या भोवती देतात, गाठीत नाही. मग एकाच छिद्रातून सुई आत घालून, बाहेर पूर्ण न काढता, तिरकी करून वेगवेगळ्या दिशांनी औषध सोडत जातात. भूल असूनही आतून जळजळलं, विशेषतः नडगीच्या हाडाला लागून असलेली गाठ, तिथे कातडीखाली जागाच नसते. आधी बर्फ लावून घ्या, फरक पडतो. नंतर दाबून धरलं, स्पिरिटने पुसलं, गॉझ आणि वरून पाणी न जाणारं पारदर्शक ड्रेसिंग. ते निदान आठवडाभर ठेवायचं, पाझरत असेल तर जास्त.

संध्याकाळी थंडी वाजायला लागली. दोन पांघरुणं घेऊन दात वाजत होते, ताप 101 पर्यंत गेला, अंग मोडून आलं. पॅरासिटॅमॉलने उतरला, परत चढला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत हे चाललं. हे अपेक्षितच असतं, आधी सांगितलेलं होतं, तरी रात्री दोन वाजता ते आठवत नाही. नंतरची इंजेक्शनं मी शुक्रवारी मागून घ्यायला लागले म्हणजे ह्यांना सुट्टी असते. हॉस्पिटलचा रात्रीचा नंबर फोनमध्ये नाही, फ्रिजवर लिहून ठेवा.

पहिला डोस मुद्दाम सौम्य असतो, कारण ज्यांना आयुष्यात कधी हर्पीस शिवलेला नाही त्यांच्या शरीराला आधी ओळख व्हावी. तीन आठवड्यांनी दुसरा, तो शंभर पट तीव्र, आणि मग दर दोन आठवड्यांनी. दुसऱ्याला ताप पहिल्यासारखाच आला, पुढे कमी होत गेला, जुलैनंतर नुसती मरगळ राहिली.

आता सगळ्यात अवघड काळ, जून आणि जुलै. गाठी कमी व्हायच्या सोडून सुजल्या. लाल, गरम, एक फुटली आणि तिच्यातून काळपट पाणी यायला लागलं, वास यायचा, दिवसातून दोनदा ड्रेसिंग. त्यात गुडघ्याच्या वर दोन नवीन गाठी. मी फोटो ओळीने लावून बघितले तर एप्रिलचा पाय बरा दिसत होता. हे म्हणाले, "बंद करूया का? त्रासच वाढतोय." माझ्याही मनात तेच होतं.

डॉक्टरांनी फोटो बघितले, गाठी मोजल्या आणि सांगितलं की ज्यांना शेवटी टिकाऊ फायदा झाला त्यांच्यातल्या जवळपास निम्म्या लोकांच्या गाठी आधी वाढल्या होत्या किंवा नवीन आल्या होत्या. म्हणून तब्येत ढासळत नसेल, आत काही नवीन नसेल, तर सहा महिने तरी थांबून बघतात. स्कॅन करून आत काही नाही याची खात्री केली आणि चालू ठेवलं. नवीन गाठी पुढच्या वेळी सगळ्यात आधी टोचल्या, नियमच तो आहे. सूज औषधाची की जंतुसंसर्गाची हे ओळखायला सिस्टरनी युक्ती सांगितली, लाल भागाच्या कडेने पेनाने रेघ मारायची आणि तारीख घालायची, लाली रेघेबाहेर पसरली तर लगेच यायचं. एकदा पसरली, सेल्युलायटिस (कातडीचा जंतुसंसर्ग) निघाला, अँटिबायोटिकचा कोर्स झाला आणि एक इंजेक्शन पुढे गेलं. रेघ नसती तर मी "औषधाचीच सूज असेल" म्हणून घरी बसले असते.

ऑगस्टच्या शेवटी नात झाली. मी हॉस्पिटलमध्ये काचेतूनच बघितली कारण आदल्याच आठवड्यात इंजेक्शन झालं होतं आणि फुटलेली गाठ अजून पाझरत होती. नवजात बाळाला हर्पीस म्हणजे गंभीर गोष्ट, कमजोर केलेला व्हायरस असला तरी धोका नको. तिला घरी आणल्यावर मुलांच्या डॉक्टरांना आणि माझ्या डॉक्टरांना दोघांना विचारून नियम ठरवले. ड्रेसिंग झाकलेलं, वरून पूर्ण पायाची पँट, हात कोपरापर्यंत धुतलेले, बाळ मांडीवर नाही, उशीवर. पाझर असलेल्या दिवसांत तेही नाही. सुनेने एकदाही "आई, नको" म्हटलं नाही, मीच दारात उभी राहायचे. व्हायरसवाली आजी म्हणून मुलगा चिडवायचा. त्या दिवसांत माझा सगळ्यात मोठा राग कॅन्सरवर नव्हता, त्या पारदर्शक चिकट ड्रेसिंगवर होता.

सप्टेंबरात सिस्टर कॅलिपर लावता लावता थांबल्या आणि म्हणाल्या, "ही चार नंबरची लागतच नाहीये हाताला." खरंच नव्हती. काळा डाग होता पण बोट फिरवलं तर सपाट. चार नंबर ही आम्ही कधीच न टोचलेल्या बारक्या गाठींपैकी. मग आठवड्या-आठवड्याने एकेक बसत गेली. फुटलेली गाठ सगळ्यात शेवटी भरली.

ऑक्टोबरमध्ये विम्याची मंजुरी संपली. नूतनीकरणाचा अर्ज आम्ही महिनाभर आधी टाकला होता तरी उत्तर वेळेत आलं नाही आणि एक तारीख हुकली. त्यांना "फायदा होतोय याचा पुरावा" हवा होता, तेव्हा ते खिडकीपाशी काढलेले फोटो आणि डॉक्टरांचे मोजमापाचे तक्ते असं एकत्र पाठवलं, चार दिवसांत मंजूर. सहा महिन्यांच्या मंजुरीला दीड महिना आधी अर्ज टाका.

नोव्हेंबरमध्ये टोचायला लागेल अशी एकच गाठ उरली होती, ती टोचली, आणि पुढच्या भेटीत तीही हाताला लागेना. टोचायला काही उरलं नाही की थांबतात. पण पाय काही गोरागोमटा झालेला नाही, नडगीभर काळे डाग आहेत आणि ते बघून प्रत्येकजण विचारतो "अजून आहेच की". मीही घाबरलेच होते. दोन डागांची पंच बायोप्सी (कातडीचा छोटा गोल तुकडा काढून तपासणी) केली, त्यात कॅन्सरच्या पेशी नव्हत्या, मेलेल्या पेशींचा काळा रंग गिळून बसलेल्या शरीराच्याच साफसफाईच्या पेशी होत्या. हा रंग महिनोन् महिने राहू शकतो, कधी कायमही. रिपोर्टची एक प्रत मी पर्समध्ये ठेवते, नवीन डॉक्टरसमोर पाय उघडा केला की आधी ती देते.

जानेवारीत ओठावर जर आली तेव्हा स्वतःहून काही न लावता फोन केला. टी-व्हेक घेतलेल्या माणसाला किंवा घरातल्या कोणाला असे फोड आले तर डॉक्टरांना कळवायचं असतं, साधा हर्पीस की हा व्हायरस हे तपासून कळतं. माझा साधाच निघाला.

पेट स्कॅनमध्ये आत काही नाही, जांघेतला एक नोड मात्र जरासा मोठा दिसतो. सुईने तपासला, कॅन्सर सापडला नाही. मे महिन्यात परत मोजतील. वाढला आणि त्यात आजार निघालाच तर सोनोग्राफीत बघून त्यातही टोचता येतं, म्हणून फार्मसीने माझी फाइल बंद केलेली नाही, आणि विम्याचा पुढचा अर्ज भरून, फक्त तारीख मोकळी ठेवून, मी कपाटात ठेवलाय.